अधेली, पावली, चवली

पिशोरच्या बाजारपेठेत कापडाचे एक जुने दुकान आहे. कन्नड तालुक्याचा हा भाग कापूस, मका आणि अद्रक पिकवणारा. अद्रकीला भाव मिळाला की लगीनसराईत दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. भाव पडला की तीच गिऱ्हाइके ओट्यावर बसून नुसता चहा घेऊन उठतात. या दुकानाचे मालक, ज्यांना सारे गाव ‘काका’ म्हणते, वयाच्या ६४ व्या वर्षी गल्ल्यावरून उठले आणि गादी मुलाच्या हाती दिली. व्यापारी माणसाचे गादीवरून उठणे हे नोकरदाराच्या निवृत्तीसारखे नसते. त्याला निरोपसमारंभ नाही, शाल-श्रीफळ नाही. एके दिवशी माणूस दुकानात येतो आणि आपण बसायचे कुठे, हेच त्याला कळत नाही.

छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंग शिकणारा नातू त्या दिवाळीत घरी आला तेव्हा त्याने आपला वापरलेला डी.एस.एल.आर. कॅमेरा आजोबांपुढे ठेवला. “आजोबा, मी हल्ली मोबाइलवरच फोटो काढतो. हा तुम्ही वापरा. चकती ऑटोवर ठेवली आहे, तुम्हाला काही करावे लागणार नाही.” काकांनी कॅमेरा घेतला तो छंद म्हणून नव्हे. त्यांच्या मनात एक जुने देणे होते.

काकांच्या मातोश्री आज ८८ वर्षांच्या आहेत. लग्न होऊन पिशोरला आल्यावर पहिल्याच चैत्रात त्या सासरच्या मंडळींबरोबर बैलगाडीने वेरूळला गेल्या होत्या. इंद्रसभा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ३२ व्या लेण्याचा वरचा मजला चढून त्यांनी गाभाऱ्यातील भगवान महावीरांचे दर्शन घेतले होते. पुढे संसारात तो योग फारसा आला नाही. “दिवाळी झाली की नेतो,” असे काका दरवर्षी म्हणत. दिवाळीनंतर तुळशीची लग्ने, मग लगीनसराई, मग वसुली. असे करता करता मातोश्रींचे गुडघे गेले आणि त्यामागून डोळे. काचबिंदूने उजवा डोळा पूर्ण गेला. डाव्या डोळ्याला आता नळीतून पाहावे तसे मधले तेवढे दिसते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की गेलेली दृष्टी परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेली टिकवण्यासाठी. लेण्यातल्या उंच पायऱ्या आता त्यांच्याच्याने होणार नव्हत्या. तेव्हा त्यांनीच एकदा म्हटले, “मला नेऊ नकोस. तो गाभारा तेवढा दाखव, डोळ्यात आहे तोवर.”

यात अडचण काय, असे कोणालाही वाटेल. नातवाला तर ती अडचण वाटलीच नाही. तो मित्रांबरोबर वेरूळला गेला आणि मोबाइलवर गाभाऱ्याचा फोटो काढून घेऊन आला. फोटो स्वच्छ होता. मूर्तीमागची भिंत, कोपऱ्यातले छिन्नीचे घाव, सगळे दुपारच्या उन्हात असावे तसे लख्ख. मातोश्रींनी मोबाइल डाव्या डोळ्याजवळ धरला, बराच वेळ पाहिला आणि विचारले, “आता तिथे दिवे लावलेत का रे? की रंग दिला?”

“नाही, आजी. मोबाइल आपोआप उजेड वाढवतो.”

“मग हे तिथले नाही,” म्हणून त्यांनी मोबाइल परत केला.

काकांना ते लागले. पोराचा अपमान झाला म्हणून नव्हे. आईचे म्हणणे खरे आहे, हे त्यांना ठाऊक होते म्हणून. अंधारात मोबाइल एकामागून एक अनेक चित्रे घेतो, ती एकमेकांवर बसवतो आणि सावल्या उपसून वर काढतो. वाढदिवसाच्या मेजवानीला ती सोय उत्तम आहे. पण इंद्रसभेच्या वरच्या गाभाऱ्यात शिरणाऱ्याला आधी काहीच दिसत नाही. बाहेरच्या अंगणातला उजेड खांबांच्या मधून, दगडावरून परतत परतत जेवढा येतो तेवढाच. डोळे सरावले की आधी खांदा, मग गुडघ्याची कड, आणि सर्वांत शेवटी मुख. मातोश्रींच्या आठवणीतील दर्शन हे या क्रमाने झालेले दर्शन होते. सगळे एकदम दाखवणारे चित्र त्यांना परके वाटले तर नवल नाही.

काका स्वतः कॅमेरा घेऊन गेले. चकती ऑटोवरच होती. गाभाऱ्यासमोर उभे राहून त्यांनी बटण दाबले आणि कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा फ्लॅश आपोआप उघडून कडाडला. पहारेकरी धावत आला. आत फ्लॅश चालत नाही, हे त्याने काकांच्या वयाचा मान ठेवून, पण पुरेशा मोठ्या आवाजात सांगितले. आजूबाजूला सहलीची मुले होती, ती हसली. घरी येऊन पाहिले तर मूर्ती कागदातून कापल्यासारखी चपटी आणि पांढुरकी, मागे काळी सावली. तो फोटो त्यांनी आईला दाखवलाच नाही. फ्लॅश बंद करून काढलेले उरलेले सगळे फोटो हलले होते.

गावातल्या फोटो स्टुडिओचे मालक रिळाच्या काळापासूनचे. त्यांच्याकडे जाऊन काकांनी विचारले, “या चकतीवर ‘एम’ लिहिले आहे, ते काय?”

“शेठ, ते मॅन्युअल. तिथे कॅमेरा काही ठरवत नाही. सगळे आपण ठरवायचे. तुम्ही कशाला त्या फंदात पडता?”

या वाक्याने काकांचा निश्चय पक्का झाला. चाळीस वर्षे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला ‘सगळे आपण ठरवायचे’ ही धमकी वाटत नाही.

छायाचित्रणाची पुस्तके हा विषय शिकवताना एक त्रिकोण काढतात. काकांना त्रिकोणाचा काही उपयोग झाला नाही. त्यांना तो विषय कळला तो पैशांच्या भाषेत. कॅमेऱ्याच्या आत किती उजेड जाणार, हे दोन गोष्टींवर ठरते. भिंगातले छिद्र किती मोठे, आणि पडदा किती वेळ उघडा. पडद्याच्या वेळेचे आकडे त्यांनी वहीत उतरवले. एक सेकंद, १/२, १/४, १/८, १/१५. लिहिता लिहिता ते थांबले आणि मोठ्याने म्हणाले, “अरे, हा तर रुपया, अधेली, पावली, चवली, आणा!” १९५७ साली दशमान नाणी आली तेव्हा काकांचा जन्मही झाला नव्हता, पण वडिलांच्या तोंडी शेवटपर्यंत आण्यांचाच हिशेब होता आणि घरात तो सर्वांच्या कानावरून गेलेला. प्रत्येक पायरीला निम्मे. छायाचित्रणात या पायरीला ‘स्टॉप’ म्हणतात. तरुण मुलांना तो शब्द समजावून घ्यायला आठवडा लागतो. काकांना तो नाण्यांनी एका क्षणात समजावला. शेवटचा आकडा १/१६ न लिहिता १/१५ का लिहितात, तर केवळ पुढचे आकडे ३०, ६०, १२५ असे सोपे यावेत म्हणून. रोखीच्या व्यवहारात तेवढी सूट कोणी मनावर घेत नाही.

छिद्राचे आकडे मात्र त्यांना नडले. एफ ४, ५.६, ८, ११, १६ असे ते चढत जातात आणि छिद्र मात्र लहान होत जाते. उलटा कारभार. मग कळले की तो आकडा छेदस्थानी आहे. भिंगाच्या नाभीय अंतराला छिद्राच्या व्यासाने भागले की तो मिळतो. म्हणून आकडा मोठा तितके छिद्र लहान. व्यास १.४ पट झाला की क्षेत्रफळ दुप्पट होते, म्हणून आकड्यांची चाल अशी अर्धवट दिसते. येथेही एक पायरी म्हणजे निम्मे किंवा दुप्पट. तेव्हा छिद्र एक पायरी लहान केले तर पडदा एक पायरी जास्त वेळ उघडा ठेवायचा. जमा तितकाच खर्च. उजेडाची बेरीज जागच्या जागी.

तिसरी गोष्ट आयएसओ. ती सर्वांत फसवी. आकडा १०० वरून २००, ४००, ८०० केला की चित्र उजळते. पण उजेड काही वाढलेला नसतो, फक्त आलेल्या उजेडाची नोंद फुगवून लिहिली जाते. काकांनी वहीत तिच्यापुढे एकच शब्द लिहिला, ‘उधारी’. उधारी घेतली की व्याज आले. ते व्याज म्हणजे काळोख्या भागात दिसणारे रंगीत कण, बाजरीचे पीठ भुरभुरावे तसे. थोडी उधारी व्यापारात चालते, किंबहुना तिच्यावाचून व्यापार चालत नाही. फार झाली की माल दिसेनासा होतो आणि व्याजच दिसते.

लाल कापडी बांधणीची एक जुनी खतावणी अर्धी कोरी होती. काका प्रत्येक फोटोचे तीन आकडे तिच्यात मांडू लागले. घरातले अंधारे देवघर, गोदामातल्या कापडाच्या गठ्ठ्यांवर झरोक्यातून येणारा कवडसा, पाण्याने भरलेली तांब्याची कळशी, अंजना नदीच्या काठावरचे बगळे. चुका भरपूर झाल्या. रात्री देवघरात आयएसओ वाढवून सकाळी तसाच कॅमेरा उन्हात नेला की सगळे चित्र धुऊन निघाल्यासारखे पांढरे. कोणी एका जागी बसले म्हणून १/८ वर फोटो काढावा आणि नेमके तेव्हाच त्याने मान वळवावी, की एका चेहऱ्याचे दोन. सूनबाई म्हणाल्या, “मामंजी, या वहीत फायदा कुठे दिसत नाही.” दोन महिने खरोखरच तोटाच होता.

एक गोष्ट मात्र कोणी न शिकवता कळली. ट्यूबलाइटखाली पसंत केलेले लुगडे बाई ओट्यावर उन्हात नेऊन पाहते आणि परत आणून टाकते, हे कापडवाला रोज पाहतो. प्रत्येक उजेडाला स्वतःचा रंग असतो. कॅमेऱ्यातील व्हाइट बॅलन्स नावाची तजवीज यासाठीच आहे; दिव्याच्या उजेडातला पिवळेपणा किती ठेवायचा आणि किती काढायचा, हे तिथे ठरते. नातू हे समजावू लागला तेव्हा काका म्हणाले, “पुढचे सांग. हे मला तुझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून येते.”

खरा उलगडा एका दुपारी दुकानात झाला. काकांनी ठाणातले पांढरे शुभ्र धोतर गादीवर पसरले आणि चौकटीत दुसरे काही येणार नाही असे जवळून, कॅमेऱ्याच्या मापकाने सुचवलेले आकडे लावून टिपले. मग काळी घोंगडी तशीच पसरून तिचा फोटो घेतला. दोन्ही चित्रे शेजारी लावली तर धोतरही राखाडी आणि घोंगडीही राखाडी. कॅमेरा बिघडला असे वाटून ते पुन्हा स्टुडिओत गेले. मालक हसले. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक हा समोर काय आहे ते ओळखून आकडे सुचवत नाही. समोरचे सारे मध्यम राखाडी आहे असे धरून चालतो. समोर पांढरे आले तर तो म्हणतो, उजेड फार झाला, कमी करा. काळे आले तर म्हणतो, वाढवा. हल्लीचे कॅमेरे माणसाचा चेहरा वगैरे ओळखून थोडे शहाणपण दाखवतात, पण मूळ खोड तीच. जगाची सरासरी काढून तो मोकळा होतो.

म्हणजे वेरूळचा काळा पाषाण, तोही काळोखात, ऑटोवरच्या कॅमेऱ्यापुढे आला की राखाडीच व्हायचा. कॅमेऱ्याला तो काळोख ही चूक वाटते आणि तो ती दुरुस्त करतो. आईला जे हवे होते तेच नेमके खोडले जात होते. हे कळल्यावर काका स्टुडिओच्या बाकावर काही वेळ नुसते बसून राहिले.

मालकांनी त्या दिवशी त्यांना राजा दीनदयाल यांची गोष्ट सांगितली. मेरठजवळच्या सरधना येथे १८४४ साली एका जैन कुटुंबात जन्मलेला हा माणूस रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकला, इंदूरला सार्वजनिक बांधकाम खात्यात नोकरीला लागला आणि तिशीच्या सुमारास छंद म्हणून कॅमेऱ्याकडे वळला. पुढे सहाव्या निजामाने त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘मुसव्विर जंग’ हा किताब दिला. पिशोर, कन्नड, वेरूळ हा सारा मुलूख तेव्हा निजामाचाच, आणि दीनदयाल यांनी टिपलेल्या या राज्यातील स्थळांमध्ये वेरूळही आहे. काचेची जड पेटीभर पट्टे, लाकडी कॅमेरा, तिपाई असा सरंजाम बरोबर. त्या काळी मंद उजेडात छायाचित्रकार भिंगावरचे झाकण हाताने काढीत, मनात आकडे मोजीत आणि पुन्हा झाकण लावीत. ऑटो नावाची चकतीच नव्हती, तेव्हा जे काही होते ते सगळे ‘एम’च. आपल्या समाजातील मुलांना या माणसाचे नाव क्वचितच ठाऊक असते, ही खेदाची बाब आहे.

काका दुसऱ्यांदा वेरूळला गेले ते एका बुधवारी. मंगळवारी लेणी बंद असतात आणि रविवारी सहलींची गर्दी. कन्नड, हतनूर करीत एस.टी.ने सकाळीच पोहोचले. तिपाईला परवानगी लागते, म्हणून ती नेलीच नाही. जैन लेणी अगदी उत्तर टोकाला, कैलासापासून बरीच दूर. बहुतेक प्रवासी कैलास पाहूनच परततात. त्यामुळे इंद्रसभेचे अंगण, मधले एकपाषाणी मंदिर आणि शेजारचा हत्ती यांच्याभोवती त्या वेळी मोजकीच माणसे होती.

वरच्या मजल्यावर गाभाऱ्यासमोर त्यांनी आधी वंदन केले. मग कॅमेरा न काढता, डोळे सरावेपर्यंत बसून राहिले. आईने सांगितलेला क्रम बरोबर होता. खांदा, गुडघ्याची कड, मग मुख. नंतर त्यांनी सामायिकाला बसतात तशी मांडी घातली, दोन्ही कोपरे गुडघ्यांवर टेकवले आणि कॅमेरा कपाळाशी घट्ट धरला. तिपाई नसली तरी दोन घटका न हलता बसण्याची सवय होती. छिद्र जितके उघडेल तितके, एफ ३.५. उधारी ८००, त्याहून अधिक नाही. मापक म्हणाला, पडदा अर्धा सेकंद उघडा ठेवा. अर्धा सेकंद म्हणजे अधेली. काकांनी श्वास सोडून, तो थांबलेल्या क्षणी एक अधेलीवर काढला. मग पावलीवर, १/४. मग चवलीवर, १/८. मापकाचा काटा शेवटी दोन पायऱ्या खाली जाऊन ‘कमी, कमी’ असे खुणावत होता. त्यांनी त्याच्याकडे दुर्लक्ष केले. अशा तिन्हींच्या अनेक आवृत्त्या घेतल्या, कारण एका श्वासावर भरवसा कोण ठेवील?

स्टुडिओत तिन्ही चित्रे पडद्यावर लावल्यावर मालकांनी अधेली निवडली. “मुख नीट दिसते, शेठ. किंचित हलला आहे, पण चालेल. ही तिसरी तर काळी पडली. सांगा तर उजळून देतो.”

“उजळायची नाही,” काका म्हणाले. “तिन्ही आहेत तशा छापा.”

मोठ्या आकारात छापल्या तर आईला बरे दिसेल या समजुतीने त्यांनी १२ बाय १८ इंचाच्या प्रती केल्या. तो हिशेब चुकला. नळीतून पाहणाऱ्या डोळ्याला मोठे चित्र एकदम दिसतच नाही. मातोश्रींना एका वेळी कधी खांब दिसे, कधी नुसता पाय. दुसऱ्या दिवशी काकांनी पोस्टकार्डाएवढ्या छोट्या प्रती आणल्या. त्या हातभर अंतरावर धरल्या की पूर्ण मावत होत्या.

मातोश्री सकाळच्या उन्हात ओट्यावर बसल्या होत्या. पहिली प्रत त्यांनी पाहिली आणि बाजूला ठेवली. दुसरीही ठेवली. तिसरी हातात घेतल्यावर मात्र त्या बोलेनात. काकांना वाटले, फारच काळी झाली, डोळ्यांना काही लागत नसावे. ते प्रत परत घेण्यासाठी पुढे झाले.

“थांब जरा,” त्या म्हणाल्या. “येतंय.”

दुकान उघडायची वेळ झाली होती. मुलगा किल्ल्या घेऊन दारात उभा होता, तोही थांबला. मातोश्रींनी प्रत किंचित तिरपी केली, मग आणखी जवळ घेतली. त्यांचे ओठ हलू लागले. णमोकार चालू होता. तो संपल्यावर त्यांनी विचारले, “ही कितीची?”

“चवलीची,” काका म्हणाले आणि मग, हे आईला कसे कळावे असे वाटून, रुपया-अधेलीचा सगळा हिशेब त्यांना सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला. त्यांच्या लहानपणी चवलीला काय काय येत असे, हेही सांगितले.

प्रत त्यांनी पदराने पुसून जपाच्या माळेच्या डबीत ठेवली. उरलेल्या दोन नातवाला द्यायला सांगितल्या. ओट्यावरून उठताना त्यांनी काकांचा हात धरला. “त्याच मजल्यावर वर छताला कमळ आहे. मोठं. ते तू पाहिलंस की नाही?”

काकांनी ते पाहिले नव्हते. दोन्ही वेळा ते समोरच पाहत राहिले होते. त्या रात्री त्यांनी खतावणीत नवे पान उघडून ‘कमळ’ असे लिहिले आणि पुढचे तीन रकाने कोरे ठेवले. छताचा फोटो उताणे झोपून काढावा लागेल, आणि पहारेकरी त्याला काय म्हणेल, याचा ते सध्या विचार करीत आहेत.